मानधनातला मान आणि धन



'मानधन' हा शब्द मोठा सभ्य आहे. व्याख्यात्याला आपण मानधन देतो, कारण त्याची चूल त्या एका व्याख्यानावर पेटत नसते. पण हाच शब्द आपण महिनाभर घरोघर फिरणाऱ्या आशाताईच्या कमाईलाही लावतो. आज मला बोलायचं आहे ते याविषयी.

घरी येऊन आरोग्य सांभाळणारी गावातलीच बाई, ही कल्पना आपल्या जिल्ह्याला नवी नाही. १९७० मध्ये डॉ. रजनीकांत आणि डॉ. मेबल आरोळे यांनी जामखेडला ग्रामीण आरोग्य प्रकल्प सुरू केला. लिहिता-वाचता न येणाऱ्या बायकांनाही त्यांनी शिकवून तयार केलं आणि त्या बाळंतिणींची, तान्ह्या बाळांची, आजाऱ्यांची काळजी घेऊ लागल्या. या कामासाठी १९७९ मध्ये आरोळे दांपत्याला मॅगसेसे पुरस्कार मिळाला.

पुढे २००५ मध्ये राष्ट्रीय ग्रामीण आरोग्य अभियान आलं आणि साधारण हजार वस्तीमागे एक आशा नेमायचं ठरलं. नाव स्वयंसेविकेचं, आणि काम दिवसाला दोन-तीन तासांचं धरलेलं. प्रत्यक्षात लसीकरण, क्षयरोग्यांची औषधं, सर्वेक्षणं, नोंदवह्या, बैठका आणि मोबाइलवर माहिती भरणं असं ते वाढतच गेलं.

आता एका बाळंतिणीचा हिशेब मांडून पाहू. दवाखान्यात बाळंत झालेली बाई घरी आली, की आशाताईनं तिसऱ्या, सातव्या, चौदाव्या, एकविसाव्या, अठ्ठाविसाव्या आणि बेचाळिसाव्या दिवशी तिच्याकडे जायचं. बाळाचं वजन करायचं, ताप बघायचा, नाळ कोरडी आहे का, बाळ नीट पितं का, आईला जास्त अंगावर जातंय का, हे पाहायचं. २०११ मध्ये ही योजना आली तेव्हा या सगळ्याचे मिळून २५० रुपये ठरले. म्हणजे एका फेरीचे बेचाळीस रुपयेसुद्धा भरत नाहीत. आपल्याकडे निम्मी घरं रानातल्या वस्तीवर असतात. तिथवरचं पेट्रोल यातूनच.

त्या वेळच्या नियमांत आणखी एक अट होती. बेचाळिसाव्या दिवशी आई आणि बाळ सुखरूप असले पाहिजेत, जन्मनोंद आणि लसी झालेल्या असल्या पाहिजेत, मग पैसे. ही मजुरी झाली नाही, हे निकालावरचं बक्षीस झालं. ज्या घरात दुःख झालं, तिथल्या फेऱ्या काय कमी कष्टाच्या होत्या?

पाथर्डी, जामखेड, शेवगावकडची कुटुंबं दसरा-दिवाळीनंतर ऊसतोडीला निघतात. ओली बाळंतीणही टोळीबरोबर जाते. इथल्या ताईच्या वहीत फेऱ्या अर्ध्याच राहतात. पाळत ठेवायला ती तयार असते, पण घराला कुलूप असतं.

ऑक्टोबर २०२३ मध्ये राज्यातल्या आशांनी संप केला, जानेवारी २०२४ मध्ये पुन्हा केला. त्यानंतर मार्च २०२४ मध्ये शासनानं नोव्हेंबर २०२३ पासून दरमहा ५,००० रुपये वाढ दिली. केंद्रानंही २०२५ मध्ये ठरावीक मोबदला २,००० वरून ३,५०० रुपये केला. याचं स्वागतच आहे. पण वाढलेली रक्कमही मानधनच आहे. वेतनाबरोबर येणारा भविष्य निर्वाह निधी, पगारी रजा, निवृत्तिवेतन मानधनाबरोबर येत नाही. अशा योजनांवरच्या स्त्रियांना कामगार माना, किमान वेतन द्या, अशी शिफारस भारतीय श्रम परिषदेनं २०१३ मध्येच केली होती.

पैसा कुठून आणायचा, असं विचारलं जातं. या अभियानाच्या खर्चात केंद्राचा वाटा साठ टक्के आणि राज्याचा चाळीस टक्के आहे. कुणाचाही हप्ता रखडला, की झळ बसते ती ताईच्या किराण्याच्या उधारीला. तिची रक्कम इतर खर्चांच्या रांगेत उभी न करता वेगळी राखून ठेवावी आणि ठरल्या तारखेला तिच्या खात्यात जमा करावी. एवढं तरी आजच्या चौकटीतही होऊ शकतं.

आणि आपण? पुढच्या ग्रामसभेत रस्ता आणि दिवाबत्तीचे प्रश्न विचाराल, तेव्हा एक प्रश्न आणखी विचारा. आपल्या आशाताईचे मागच्या महिन्याचे पैसे आले का? नसतील, तर तसा ठराव करून तालुक्याला पाठवा. रात्री-अपरात्री आपण तिचं दार वाजवतो. तिच्या बाजूनं एकदा हात वर करणं आपल्याला जड जाऊ नये.

(नभोवाणी भाषणाचा संपादित अंश)