शिक्षणाच्या निधीला हात लावू नका



कापूस वेचणीचे दिवस असूनही भीमपूरच्या गावकऱ्यांनी मंडप घातला, घराघरांत पाहुण्यांची सोय केली. त्यांचे मनापासून आभार. पैनगंगेच्या दोन्ही काठांवरच्या विश्वस्त, शिक्षक, डॉक्टर आणि पालकांच्या या संमेलनाच्या अध्यक्षपदासाठी माझं नाव सुचवणाऱ्यांचेही आभार मानतो आणि विषयाकडे वळतो.

अध्यक्षानं वर्षाचा आढावा घ्यावा अशी प्रथा आहे. नोंदणी, आयकर खात्याकडचं नूतनीकरण, हिशेबतपासणी, हे सगळं चिटणीसांच्या छापील अहवालात नीट आलं आहे. तो सवडीनं वाचावा. मला आज एकच गोष्ट बोलायची आहे, कारण ती वर्षानुवर्षं सलते आहे. कर्करोग झालेल्या मुलांच्या शिक्षणासाठी जमवलेला पैसा आपल्या संस्था उपचारावर खर्च करतात आणि त्याला माणुसकी म्हणतात.

हे कसं घडतं ते तुम्हां सर्वांना ठाऊक आहे. सभेची विषयपत्रिका संपते. मग येतात ‘अध्यक्षांच्या परवानगीने ऐनवेळचे विषय’. कुणीतरी एका मुलाची फाईल काढतं. औषध तातडीनं हवं आहे, योजनेची मंजुरी अजून आलेली नाही, उपचाराच्या खात्यात शिल्लक नाही. शिक्षणाच्या खात्यात आहे. सूचक, अनुमोदक, सर्वानुमते मंजूर. इतिवृत्तात ‘तात्पुरती उचल’ असं लिहितात. ती उचल परत जमा झालेली मी कधी पाहिली नाही.

एका संस्थेच्या कार्यकारिणीवर मी होतो. तिचं नाव घेत नाही. नदीकाठच्या एका खेड्यातली मुलगी, सहावीत असताना रक्ताचा कर्करोग निघाला. या आजाराचा उपचार दोन-तीन वर्षं चालतो. सुरुवातीचे काही महिने दवाखान्यात फार कठीण जातात, पुढे बराच काळ गोळ्या आणि ठरलेल्या तारखांच्या फेऱ्या. त्या काळात मूल घरी असतं, पण पांढऱ्या पेशी घसरल्या की शाळा बंद. वर्गात कांजिण्या निघाल्या तर आपल्या मुलांना चार दिवसांचा ताप येतो; या मुलांच्या जिवावर बेतू शकतं. म्हणून तिच्या ओसरीत जाऊन शिकवायला एक मास्तर नेमले होते. अशाच एका ऐनवेळच्या ठरावानं त्यांचं मानधन थांबलं. मी विरोध नोंदवून घ्यायला लावला, तो एका ओळीत नोंदवला गेला. उपचार संपले तेव्हा तिच्या मैत्रिणी नववीत होत्या आणि तिला धाकट्या भावाच्या वर्गात बसवलं. थोडे दिवस बसली, मग आली नाही. आज ती दुसऱ्याच्या रानात कापूस वेचायला जाते. संस्थेच्या अहवालात मात्र तिची नोंद यशोगाथा म्हणून आहे. डॉक्टरांनी तिला आयुष्य परत मिळवून दिलं. त्या आयुष्यात तिनं काय करायचं, हा प्रश्न आम्ही ऐनवेळच्या विषयांत निकालात काढला.

कालच्या परिसंवादात एका मित्रानं ‘आधी जीव, मग शाळा’ असं ठासून सांगितलं. टाळ्याही मिळाल्या. त्यांना माझं उत्तर असं : उपचारासाठी ठोठावायला दारं आहेत. या काठावर, तेलंगणात, आरोग्यश्री आहे, त्या काठावर, महाराष्ट्रात, महात्मा फुले योजना आहे, पंतप्रधानांचा मदत निधी आहे, मोठ्या रुग्णालयांचे समाजसेवा विभाग आहेत. आजारामुळे घरी बसलेल्या मुलाच्या शिकवणीसाठी कोणतं दार आहे? २०१६ च्या दिव्यांग हक्क कायद्याच्या यादीत २१ प्रकार आहेत. सिकल सेल त्यात आहे, थॅलेसेमिया आहे, कर्करोग नाही. म्हणजे या मुलाला उरलो फक्त आपण. दुष्काळातही बियाण्याच्या कणगीला हात न लावणारा शेतकरी निर्दय असतो का?

मोठ्यांचा दाखला हवा असेल तर तोही देतो. १९३१ मध्ये लेडी मेहेरबाई टाटा रक्ताच्या कर्करोगानं गेल्या. पुढच्याच वर्षी त्यांचे पती सर दोराबजींनी त्यांच्या स्मरणार्थ रक्ताच्या कर्करोगावरील संशोधनासाठी ट्रस्ट केला. त्याच १९३२ मध्ये मेहेरबाईंच्याच नावानं स्त्रियांच्या उच्च शिक्षणासाठी दुसरा ट्रस्ट निघाला. स्मृती एकाच बाईची, पण आजाराचा पैसा वेगळा आणि शिक्षणाचा वेगळा. ‘ते टाटा, आपण खेड्यातले’ असं कुणी म्हणेल. शिल्लक दहा हजारांची असली तरी दोन खाती उघडायला बँक नाही म्हणत नाही.

कायदाही हेच सांगतो. महाराष्ट्रातल्या संस्थांना १९५० चा सार्वजनिक विश्वस्त व्यवस्था कायदा लागू आहे. मूळ हेतू पार पाडणं अशक्य झालं, तर कलम ५५ खाली न्यायालयाकडून निर्देश घ्यावे लागतात. आपल्या काठावर महाराष्ट्रासारखे धर्मादाय आयुक्त नाहीत. २००१ च्या सोसायटी कायद्याखाली निबंधकांकडे नोंदणी होते. पण दात्यानं वह्यापुस्तकांसाठी दिलेला पैसा कुठल्याच काठावर विश्वस्ताच्या मर्जीचा होत नाही.

दुसरा आक्षेप दबक्या आवाजात येतो : जे मूल वाचणार नाही, त्याच्या शिक्षणावर खर्च कशाला? नागपूरला एका वॉर्डात मी आठवीतल्या मुलाला गणित शिकवायला जात असे. त्याचं काही खरं नाही, हे सर्वांना कळलं होतं. त्यालाही कळलं असावं. संध्याकाळी सलाईनची सुई बदलायला सिस्टर आल्या, तेव्हा त्यानं उजवा हात मागे घेतला आणि म्हणाला, ‘डाव्या हाताला लावा, उद्या पेपर आहे.’ सिस्टरांनी डाव्या हातावर शीर शोधली; सापडायला वेळ लागला, तो हूं की चूं न करता बसला. सकाळी त्यानं पेपर लिहिला. त्या हातात पेन द्यायचं की नाही, हे ठरवण्याचा अधिकार कुठल्या कार्यकारिणीला आहे?

तिसरी गोष्ट व्यवस्थापन खर्चाची. ‘आम्ही पगारावर एक रुपयाही खर्च करत नाही’ असं आपल्या संस्था पत्रकांवर अभिमानानं छापतात. मग शिकवतं कोण? पाठीच्या कण्यातून दिलेल्या औषधानं, मेंदूला दिलेल्या किरणांनी काही मुलांचं लक्ष लागत नाही, पाठांतर राहत नाही. त्यांना सवड देऊन, पुन्हा पुन्हा शिकवणारं माणूस लागतं. त्यात आपली मुलं मराठी किंवा गोंडी बोलणारी, हैदराबादच्या एम. एन. जे. रुग्णालयात गेली की भोवती सगळी तेलुगू. तिथं मराठी चौथीचं पुस्तक घेऊन खाटेशी बसणारा शिक्षक म्हणजे व्यवस्थापन खर्च नव्हे. तेच आपलं काम आहे. त्याचा पगार शिक्षणाच्या खात्यातच लिहा.

कर्करोगाच्या रुग्णांना दादरला आसरा देणारी धर्मशाळा ज्या गाडगेबाबांच्या नावानं चालते, ते बाबा कीर्तनात सांगत की घरातली भांडी मोडा, पण मुलांना शिकवा. बाबांनी भांडी मोडायला सांगितलं. आपण शाळेची पुंजी मोडतो आहोत.

आता पुढचं काम. प्रत्येक कार्यकारिणीवर एक पालक आणि या आजारातून बरा झालेला एक तरुण असावा. पालक आपल्याच मुलाचं पाहतील असं म्हणणाऱ्यांना मी विचारतो, अध्यक्षांचे नातेवाईक विश्वस्त असतात तेव्हा ही काळजी कुठे जाते? शिक्षणाचा निधी वेगळ्या खात्यात ठेवावा आणि त्याबद्दलचा कुठलाही ठराव ऐनवेळी घेऊ नये. नागपूर, हैदराबाद आणि मुंबईतलं परळ इथल्या रुग्णालयांत मराठीतून शिकवू शकणाऱ्यांची एक यादी करावी. संस्थांच्या घटनादुरुस्तीचा मसुदा, यादीचं काम कुणाकडे, हे सगळं पुढच्या बैठकीत ठरवू.

वेगळ्या खात्याचा ठराव मात्र पुढे ढकलायचा नाही. तो आजच्या विषयपत्रिकेवर पहिल्या क्रमांकावर आहे. ज्यांचा विरोध असेल त्यांनी तो उभं राहून, नाव सांगून मांडावा आणि तो पूर्ण नोंदवला जाईल. पण ठराव मंजूर झाला, तर उद्या कितीही कळवळ्याची फाईल आली तरी तो मोडायचा नाही, एवढं वचन मला आज तुमच्याकडून हवं आहे.