दुसरा अल्बम
(सोसायटीच्या विद्यार्थी मार्गदर्शन मेळाव्यातील भाषण)



बँकेची परीक्षा, एमआयडीसीतील नोकरी, स्पर्धा परीक्षा या विषयांवर इतर वक्ते बोलणारच आहेत. आम्ही गाण्यावर बोलणार आहोत. सरावली-बोईसर भागात गाणारी, ढोलकी वाजविणारी मुले पुष्कळ आहेत. १४ एप्रिल जवळ आला की ती सर्वांना आठवतात आणि मे महिन्यात विसरली जातात. त्यांच्यापैकी कोणी उद्या गाण्यावरच पोट भरायचे ठरविले, तर त्याला काय ठाऊक असावे, एवढाच आमचा विषय.

५ मार्च २००५ रोजी 'इंडियन आयडॉल' ही स्पर्धा पहिल्यांदाच कोणीतरी जिंकली. तो मान मुंबईच्या अभिजीत सावंत यांना मिळाला. वय अवघे २३. देशभरातील लोकांनी फोन आणि एसएमएस करून त्यांना निवडले. त्याच वर्षी त्यांचा पहिला अल्बम आला आणि 'मोहब्बतें लुटाऊंगा' हे गाणे रिक्षात, लग्नात, पानाच्या टपरीवर वाजू लागले. दुसरा अल्बम 'जुनून' २००७ साली आला. तिसऱ्याला, म्हणजे 'फरीदा'ला, २०१३ साल उजाडावे लागले. पुढे २०२४ साली 'बिग बॉस मराठी'त ते उपविजेते ठरले, तेव्हा नव्या पिढीला त्यांची ओळख झाली.

त्याच पहिल्या स्पर्धेत नागपुरात जन्मलेले राहुल वैद्य तिसरे आले होते. त्यांचाही अल्बम निघाला. तरीही २००८ साली ते 'जो जीता वही सुपरस्टार' या दुसऱ्या स्पर्धेत उतरले आणि ती जिंकून दाखविली.

या दोघांचा आवाज काही कमी झाला नव्हता. बदलला तो बाजार. वाहिनीला दरवर्षी नवा विजेता लागतो. २००६ साली दुसरा आला, २००७ साली तिसरा. त्याच सुमारास एकेका एमपीथ्री डिस्कवर शंभर-दीडशे गाणी स्वस्तात मिळू लागली, पुढे ती मोबाईलवर आली आणि कॅसेट-सीडीचा धंदा बसला. कंपन्यांनी आपला पैसा चित्रपटाच्या गाण्यांकडे वळविला. मित्रहो, पहिला अल्बम लोकांच्या प्रेमावर निघतो. दुसरा निघतो तो कोणाच्या तरी हिशेबाच्या वहीवर. ती वही कशी वाचावी, हे गाणाऱ्याला कोणी शिकवीत नाही.

आमच्या परिचयाच्या एका कामगाराच्या मुलाचे उदाहरण सांगतो. गीतेही तो स्वतः लिहितो. त्याची पहिली सीडी जयंतीच्या काळात बरी खपली. दुसऱ्या अल्बमसाठी आठ गाणी ध्वनिमुद्रित झाली. नंतर निर्मात्याने ती कपाटात ठेवली, ती आजपर्यंत कपाटातच आहेत. 'गाणी कंपनीची झाली' असे समजून मुलाने ती कार्यक्रमात म्हणणेही सोडले. सहा-सात वर्षांनी त्याच्या वडिलांनी तो करारनामा आम्हाला दाखविला. दोन पाने आणि खाली सही. मुदत लिहिलेली नव्हती.

बँकेत साधी मुदत ठेव ठेवताना आपली आई पावतीवरची रक्कम, व्याज आणि तारीख तीनदा विचारून घेते. मुलाच्या आठ गाण्यांच्या कागदावर मात्र कोणी तारीख पाहिली नाही!

कायदा काय म्हणतो ते ऐका. १९५७ च्या कॉपीराइट कायद्याचे कलम १९ सांगते की, हक्क दुसऱ्याला द्यायचा तर तो लेखी आणि सहीनिशीच देता येतो. कोणते गाणे, कोणते हक्क, किती मुदत, कोणता प्रदेश आणि किती मोबदला, हे त्यात लिहावे लागते. मुदत लिहिली नसेल तर ती पाच वर्षे धरली जाते. प्रदेश लिहिला नसेल तर भारतापुरता धरला जातो. आणि घेणाऱ्याने एखादा हक्क एक वर्षात वापरलाच नाही, तर करारात वेगळे लिहिले नसल्यास तो हक्क रद्द समजला जातो. हे 'वेगळे लिहिलेले' वाक्य बहुधा शेवटच्या पानावर बारीक अक्षरात असते. तेच आधी वाचावे.

येथे एक भेद ध्यानात घ्या. ध्वनिमुद्रणाचा मालक, वेगळा करार नसेल तर, ते करून घेणारा निर्माता असतो. शब्दांचा आणि चालीचा हक्क ते रचणाऱ्याचा. म्हणून त्या मुलाला कपाटातली टेप परत मागता येत नव्हती. पण पाच वर्षे उलटताच गीते त्याचीच झाली होती. वकिलांना कागद दाखवून आम्ही तशी खात्री करून घेतली. आता तो ती आठही गाणी पुन्हा गातो. मधली वर्षे मात्र कोणीही भरून देणार नाही.

२०१२ साली या कायद्यात दुरुस्ती झाली. व्यापारी वापरातून येणाऱ्या रॉयल्टीवर गायकाचा हक्क मान्य झाला. २०१३ साली गायकांची स्वतःची संस्थाही उभी राहिली. गीतकार-संगीतकारांसाठी आयपीआरएस १९६९ पासून आहे. लिहिणाऱ्या, चाल लावणाऱ्या मुलांनी सभासद होण्याची चौकशी जरूर करावी.

विद्यार्थी मित्रांनो, रियाज करा, बोईसरहून लोकल पकडून मुंबईला ऑडिशनला जा, संकोच करू नका. पदवी मात्र सोडू नका, कारण पहिल्या आणि दुसऱ्या अल्बमच्या मधली वर्षे घर चालवावे लागते. आणि कोणताही कागद घाईने, निर्मात्याच्या ऑफिसात उभ्या उभ्या सही करू नका. "घरी दाखवून उद्या देतो" एवढे म्हणण्याची हिंमत ठेवा. रविवारी सकाळी आम्ही आणि सोसायटीतील वकील मंडळी येथेच असतो. कागद घेऊन या.