रिकामा काटा



“तू नक्की करतेस तरी काय?” असं सकाळपासून चौघांनी विचारलं. म्हणून पहिल्या नोकरीतली एक फजितीच सांगते.

मोबाइलचा रिसीव्हर किती क्षीण सिग्नल ऐकू शकतो, हे तपासणारं सॉफ्टवेअर मी लिहीत होते. जनरेटरमधून ठरावीक बिट्स पाठवायचे, ॲटेन्युएटरने सिग्नल एकेक डेसिबल कमी करत जायचं आणि चुकलेले बिट्स मोजायचे. चुका मर्यादेबाहेर गेल्या की थांबायचं. ९०० मेगाहर्ट्झच्या जीएसएम हँडसेटला उणे १०२ डीबीएमपर्यंत ऐकू यावं, असं मानक सांगतं. म्हणजे एका मिलिवॉटचे साधारण १६०० कोटी भाग केले, तर त्यातला एक!

माझ्या प्रोग्रामने दाखवलं उणे १२४. मी खुशीत अहवाल पाठवून दिला. खरं तर नेहमीच्या तापमानाला, २०० किलोहर्ट्झच्या पट्ट्यात, निव्वळ उष्णतेचा गोंगाटच उणे १२१ असतो. त्याच्याही खालचं माझे हँडसेट ऐकत होते, आणि मला शंका आली नाही!

लॅबमधले ज्येष्ठ तंत्रज्ञ काही बोलले नाहीत. त्यांनी हँडसेटची केबल काढून हातात धरली. तरी बिट्स बरोबरच येत होते. जनरेटरकडचा कनेक्टर सैल होता. सिग्नल ॲटेन्युएटरला वळसा घालून हवेतून पोहोचत होता.

अहवाल चुकल्याचं मी सगळ्यांना लिहून कळवलं. हात थरथरत होते. कनेक्टर आवळून, हँडसेट शील्ड बॉक्समध्ये ठेवून पुन्हा मोजणी केली. ‘पास’ केलेल्यांपैकी दोन नापास निघाले. टॉवरपासून लांबच्या एखाद्या वाडीत ते ऐन वेळी मुके झाले असते.

त्या रात्री आठवल्या नववीच्या आपल्या विज्ञानाच्या बाई. तानकाट्याच्या प्रयोगात मी पुस्तकाशी जुळतील असे आकडे लिहिले होते. बाईंनी पान खोडलं आणि म्हणाल्या, “काही न टांगता काटा कुठे आहे, ते आधी लिही.” तेव्हा मला फार राग आला होता.

बाई, आज तुम्ही समोर बसला आहात, म्हणून सांगते. माझ्या प्रत्येक चाचणीची पहिली पायरी आता एकच असते: केबल काढून मोजायचं. रिसीव्हरला काहीच ऐकू आलं नाही, तरच पुढे जायचं.

ते खोडलेलं पान मला पुरून उरलं आहे.