पहिल्या सलाईनच्या आधी

(कार्यकर्त्यांच्या शिबिरात केलेले भाषण)



कॅन्सर झालेल्या बाईला पुढे मूल होईल की नाही, हा विषय काढला की आपल्यातच चुळबूळ सुरू होते. जिवाची शाश्वती नाही आणि हे काय मध्येच? शिवाय 'आई झाली तरच बाई' या विचाराशी आपण इतकी वर्षं भांडलो. ते भांडण मी सोडलेलं नाही. मूल हवं की नको हे बाईनं ठरवायचं, तर ठरवायची वेळ निघून जाण्याआधी तिला सांगायला तर हवं!

सरकारी रुग्णालयात येणाऱ्या बायकांना योजनेचे कागद, राहण्याची सोय यासाठी मी मदत करते. तिथे भेटलेली एक मुलगी ३१ वर्षांची, लग्न न झालेली, स्तनाचा कॅन्सर. केमो झाली, ती बरी झाली. वर्ष उलटलं तरी पाळी येईना म्हणून विचारायला गेली, तेव्हा कळलं की औषधांनी बीजकोशांवर परिणाम होतो. हे आधी तिला कुणीच सांगितलं नव्हतं. संमतीच्या कागदावर सही होती वडिलांची! लग्न नाही, मग मुलाचा प्रश्न येतोच कुठे, असा सगळ्यांचा हिशोब. दोन मुलं असलेल्या बाईचाही हिशोब असाच परस्पर होतो. बीडच्या ऊसतोड बायकांच्या गर्भाशयांचं काय झालं, ते २०१९ साली सरकारी समितीसमोर आलंच. गरीब बाईच्या पोटातलं काही ठेवायचं की काढायचं, हे तिला विचारायची पद्धतच नाही.

सायक्लोफॉस्फमाइडसारखी औषधं बीजकोशातली बीजं मारतात. ओटीपोटाला किरणोपचार दिले तरी तेच. पुरुषाचं वीर्य एका दिवसात, थोड्या खर्चात साठवता येतं. बाईला दहा-बारा दिवस इंजेक्शनं, सोनोग्राफी, मग भूल देऊन बीजं काढायची. खर्च सहज लाखावर जातो, वर दरवर्षीचं साठवणीचं भाडं. केमो सरकारी योजनेत बसते, पण आयुष्मान भारत योजनेतून प्रजननाचे उपचार वगळलेले आहेत. २०२१ चा कायदा तर म्हणतो, केंद्रांनी २१ ते ५० वर्षांच्या बायकांनाच सेवा द्यावी. मग एकोणीस वर्षांच्या मुलीनं कुठे जायचं?

पण सगळंच लाखाचं नसतं. किरणोपचाराआधी बीजकोश वर सरकवून ठेवण्याची शस्त्रक्रिया असते. केमोच्या आधी सुरू करून महिन्याला एक गोसेरेलिनचं इंजेक्शन देतात. २०१५ साली प्रसिद्ध झालेल्या अभ्यासात, स्तनाचा कॅन्सर असलेल्या ज्या बायकांना ते दिलं, त्यांच्यापैकी शंभरात आठ जणींचे बीजकोश निकामी झाले. न दिलेल्यांत बावीस जणींचे. याचा भरवसा बीजं साठवण्याइतका नाही, पण हातात काहीच नसण्यापेक्षा बरं. २०२३ चा एक अभ्यास आणखी उपयोगी. स्तनाच्या कॅन्सरनंतर हार्मोनच्या गोळ्या दीड ते अडीच वर्षं घेऊन, मग गर्भधारणेसाठी त्या काही काळ थांबवल्या, तर पुढच्या तीन-साडेतीन वर्षांत कॅन्सर उलटण्याचं प्रमाण वाढलेलं दिसलं नाही. अर्थात गोळ्या थांबवायच्या त्या डॉक्टरांना विचारूनच. आणि हो, केमोत पाळी थांबली म्हणजे दिवस राहणारच नाहीत असं समजू नका.

मला भीती दुसऱ्या बाजूचीही आहे. खाजगी केंद्रं घाबरलेल्या घरांना पॅकेजं विकतील. सासरचे वंशासाठी उपचार लांबवायला लावतील. रक्ताच्या काही कॅन्सरमध्ये दोन आठवडे थांबणं जिवावर बेतू शकतं. तिथे 'नाही' म्हणणाऱ्या बाईच्या पाठीशी आपणच उभं राहायचं आहे.

मागच्या टेबलावर एक पानी पत्रक ठेवलंय. माझ्या औषधांनी बीजकोशांना किती धोका आहे, उपचार किती दिवस थांबू शकतात, इथे काय मिळतं, पुढे कुठे पाठवाल, असे चार प्रश्न आहेत. आपापल्या तालुक्यातल्या आशाताईंना आणि वॉर्डातल्या सिस्टरना ते द्या. अक्षर मोठं ठेवलंय. सहीची जागा पेशंट बाईची आहे, अंगठा चालेल.