आरशातलं ऊन

हातातलं काम चालू राहू द्या, कान तेवढा इकडे द्या.

आमच्या गटातल्या एका काकूंची लेक नॉर्वेत असते. युरोपच्या पार उत्तरेचा देश. गावाचं नाव रियुकान. जावई तिथल्या वीजकेंद्रात कामाला आणि लेक घरात बसून संगणकावर ओस्लोच्या कंपनीचे हिशेब लिहिते. ओस्लो म्हणजे त्यांची राजधानी, गाडीनं तीनेक तासांवर. काकू सगळ्यांना सांगायच्या, "पोरीला घरबसल्या पगार आहे!"

पहिल्याच हिवाळ्यात लेकीचे फोन कमी झाले. केला तरी दोन वाक्यांत संपायचा. काकूंना वाटलं, जावयाशी बिनसलं. एकदा रडतच म्हणाली, "आई, ऊन बघून दोन महिने झाले गं."

आम्हाला खरं वाटेना. पण तसंच आहे. गाव अरुंद दरीत, दोन्हीकडे उभे डोंगर. दक्षिणेकडचा गाउस्ताटोपेन तर १,८८३ मीटर उंच, आपल्या कळसूबाईपेक्षाही जास्त. हिवाळ्यात तिकडे सूर्य इतका खालून जातो, की तो डोंगराच्या वर येतच नाही. सप्टेंबरअखेर गेलेलं ऊन मार्चच्या मध्यात परत येतं. दिवसा उजेड असतो बरं का, काळोख नसतो. पण अंगावर ऊन नाही.

अशा ठिकाणी माणसं राहायला गेली कशाला? तर पाण्यासाठी. शंभर वर्षांपूर्वी तिथल्या धबधब्यावर वीज केली आणि त्या विजेवर हवेतल्या नायट्रोजनपासून खत. आपण डाळिंबाला, टोमॅटोला ठिबकमधून कॅल्शियम नायट्रेट सोडतो ना, त्याच जातीचं. कंपनीनंच गाव वसवलं. कामगारांना हिवाळ्यात ऊन मिळावं म्हणून १९२८ साली डोंगरावर जायला तारेवरचा पाळणा बांधून दिला. तो अजून चालतो. त्याचे दोन डबे, एक लाल, एक निळा. लोकांनी त्यांना रानातल्या बोरांसारख्या फळांची नावं ठेवलीत.

पुढे २०१३ साली गावानं आणखी एक गोष्ट केली. डोंगरावर तीन मोठे आरसे बसवले. सूर्य सरकेल तसे ते आपोआप वळतात आणि ऊन खाली गावच्या चौकात पाडतात. सगळ्या गावावर नाही, तेवढ्या चौकातच. माणसं तिथं येऊन बाकड्यावर बसतात, तोंड वर करून.

लेकीला हे ठाऊक होतं. पण ती जाणार कधी? सकाळी उठून संगणक उघडायचा, तिथंच जेवायचं, रात्री जावई झोपले तरी हिचं चालूच. घरातच काम, म्हणजे काम संपलं कधी हेच कळत नाही. हे आपल्याला वेगळं सांगायला नको. शिलाई करणाऱ्या, पापड लाटणाऱ्या सगळ्या मान हलवत असतील आत्ता.

शेजारच्या एका आजींनी तिला चौकात नेलं. तिकडची माणसं आपणहून फार बोलत नाहीत म्हणतात, पण या आजी रोज दुपारी दार वाजवायला लागल्या. हातात चहाचा थर्मास. वर कॉड माशाचं तेल घ्यायला लावलं, तिथं हिवाळ्यात ते बरेच जण घेतात. त्याच आजींनी विचारलं, "तुझा कागद झालाय का?"

कागद म्हणजे करार. नॉर्वेत जुलै २०२२ पासून नियम कडक झालाय. नेहमी घरून काम करणाऱ्याशी मालकानं लेखी करार करायचा. घरून काम किती, वेळ कुठली, फोन कधी उचलायचा, यंत्रं कोणाची, हे त्यात लिहायचं. तिथल्या कायद्यात साधारण कामाची मर्यादा दिवसाला नऊ तास, आठवड्याला चाळीस. लेकीनं कागद मागितला. मागायला तिला आठ दिवस लागले, धीरच होईना. मिळाला. आता दुपारी अर्धा तास ती चौकात असते, तिथूनच आईला फोन लावते. काकू आम्हाला फोनवर दाखवतात, बर्फात उभी आहे आणि तोंडावर पिवळं ऊन.

गेल्या बैठकीत काकू मध्येच म्हणाल्या, "आपण त्या व्यापाऱ्याचे पापड लाटतो, आपला कागद कुठाय?" कोणीच बोललं नाही. मग सगळ्या एकदम बोलायला लागल्या. मजुरी किलोमागे किती, तुटलेल्या पापडाचा तोटा कोणाचा, रात्री आठला ऑर्डर आली तर नाही म्हणायचं का? दोघी म्हणाल्या, कागद मागितला तर काम जाईल. ती भीती खोटी नाही. पहिल्या तीन गोष्टी वहीत उतरवल्यात. बाकीच्यांसाठी मंगळवारी परत बसणार आहोत.