नदीचे विष आणि पाणमांजराची साक्ष



नदी बिघडली की नाही हे कसे ठरवावे, असे विचारले तर आपण बाटलीभर पाणी घेऊन प्रयोगशाळेची वाट धरू. ते योग्यच. पण काही विषे पाण्यात इतकी विरळ असतात की बाटली मुकी राहते. अशा वेळी नदीतल्या एखाद्या प्राण्याची साक्ष काढावी लागते. आज आम्ही बोलणार आहोत ते इंग्लंडातील पाणमांजरांविषयी. आपल्या कोकणच्या खाड्यांतून हिंडणारी पाणमांजरे ही त्यांचीच भाऊबंद. मांजराशी दोघांचेही नाते केवळ नावापुरते!

इंग्लंडात पूर्वी कुत्र्यांचे कळप नेऊन पाणमांजराची शिकार करीत. खेळ क्रूर खरा, पण शिकारी मंडळी हिशेबाला पक्की. कोणत्या दिवशी किती जनावरे आढळली याची नोंद त्यांनी वर्षानुवर्षे ठेवली. चॅनिन आणि जेफरीज या दोन अभ्यासकांनी या नोंदी तपासून १९७८ साली निष्कर्ष मांडला, की १९५७-५८ च्या सुमारास पाणमांजरे एकाएकी कमी झाली, आणि तीही एकमेकांपासून दूर असलेल्या मुलुखांत एकाच वेळी. मारेकऱ्याच्याच वहीने खुनाचा तपास लागावा, असा हा प्रकार. शिकारीमुळे घट झाली असती तर ती हळूहळू दिसती. १९६२-६३ चा कडाक्याचा हिवाळा तर पुढे पाच वर्षांनी आला. मग १९५५ च्या आसपास नवीन काय घडले होते?

त्या सुमारास डिल्ड्रिन आणि त्याच्या जातीची कीटकनाशके बियाण्याला चोळण्यासाठी व मेंढ्यांना न्हाऊ घालण्यासाठी सरसकट वापरात आली होती. पेरलेले दाणे खाऊन पाखरे मेली. १९५९-६० च्या हिवाळ्यात ती पाखरे खाणारे सुमारे १३०० कोल्हे मेले. नदीतही हाच क्रम चालला. हे विष पाण्यात फारसे विरघळत नाही, चरबीत मात्र साठते. किड्यातून लहान माशात, लहानातून मोठ्यात, आणि वामेसारख्या चरबीदार माशात तर फारच. सात-आठ किलो वजनाचे पाणमांजर दिवसाला किलोभर मासे फस्त करते. साऱ्या नदीचा कर जणू त्याच्याच अंगात जमा होतो. उपासमार झाली आणि चरबी वितळू लागली, की साठलेले विष रक्तात उतरते.

१९६२ पासून या औषधांवर टप्प्याटप्प्याने बंधने आली. तरी १९७७ ते ७९ या काळात इंग्लंडात २९४० ठिकाणी पाहणी झाली, तेव्हा पाणमांजराची खूण केवळ १७० जागी मिळाली. खूण म्हणजे त्याची विष्ठा. हा प्राणी रात्री हिंडणारा, तो दृष्टीस पडत नाही. म्हणून अभ्यासक पुलाखालचे दगड धुंडाळतात. २००९-१० च्या पाहणीत मात्र निम्म्याहून अधिक जागी खुणा आढळल्या.

येथे एक वाद सांगितला पाहिजे. विजेच्या उपकरणांत वापरली जाणारी पीसीबी नावाची रसायनेही याच प्राण्यांच्या अंगात सापडत होती. मिंक या त्यांच्या चुलतभावावरच्या प्रयोगांत त्या रसायनांनी वीण बंद पडलेली दिसली, म्हणून काही पंडितांनी सारा दोष तिकडे दिला. आमचे मत असे, की इंग्लंडातील घसरणीच्या तारखा डिल्ड्रिनशी अधिक जुळतात. एका प्राण्यावरून दुसऱ्याची सहनशक्ती ठरविणे हा अंदाजच होय. शिवाय अंगात विष सापडणे आणि विषाने मरणे या दोन निराळ्या गोष्टी आहेत. धोक्याचे मोजमाप करणाऱ्याने ही गल्लत सर्वांत आधी टाळावी.

तपासायला जी शवे मिळतात ती बहुतेक मोटारीखाली सापडलेल्यांची. म्हणजे नदीकाठच्या बिळात जो आजारी प्राणी मेला, तो हिशेबात येतच नाही. तरीही कार्डिफ विद्यापीठात १९९२ पासून ही शवे नेमाने तपासली जातात आणि अवयव जपून ठेवले जातात. त्याचा उपयोग पाहा. २००७ ते २००९ मध्ये मेलेल्या ५० पाणमांजरांची यकृते पुढे काढून पाहिली. तव्याला अन्न चिकटू नये म्हणून, आग विझविण्याच्या फेसात म्हणून, जी पीएफएएस रसायने आपण वापरतो, ती तपासल्याचे २०२२ साली प्रसिद्ध झाले. पन्नासांपैकी एकही यकृत त्यांच्यापासून मुक्त नव्हते.