घोड्याची बाजू कोणी सांगावी?



कोणाला त्याचे वय, पगार आणि वजन चारचौघांत विचारू नये, असे आपण मुलांना शिकवितो. मीही तीस-पस्तीस वर्षे वर्गात तेच शिकविले. परंतु एकदा असा प्रसंग आला की, वजनाची गोष्ट न काढावी तर एका मुक्या जनावरावर अन्याय होतो, आणि काढावी तर घरातील मानाचा माणूस दुखावतो. ती हकीकत आज आपणांस सांगावयाची आहे.

मी मुलुंडचा रहिवासी. आम्हां लोकांस माथेरान म्हणजे जवळजवळ घरामागची टेकडी. ठाण्यास कर्जतची गाडी धरावी, तासाभरात नेरळला उतरावे आणि तेथून मोटारीने दस्तुरी नाका गाठावा. पुढे गावात मोटारीस मज्जाव आहे. २०२२ च्या अखेरीपासून थोड्या विजेवरच्या रिक्षा तेथे धावू लागल्या. तरी पाय दुखणाऱ्यांचे आणि मुलाबाळांचे जुने वाहन म्हणजे घोडाच.

बारा-तेरा वर्षांपूर्वी आम्ही आणि आमचे पुण्याचे व्याही सहकुटुंब तेथे गेलो. दोन्ही घरांत मिळून दिवसभरासाठी एकच तट्टू ठरविले. नातवंडांनी आळीपाळीने बसावे, मध्ये आमच्या सौभाग्यवतींनी गुडघ्यांस विसावा द्यावा, असा बेत होता. थोड्या वेळाने व्याही म्हणाले, "आता आमची पाळी!" व्याही देहाने चांगलेच भरदार. घोडेवाल्या पोराने एकदा त्यांच्याकडे पाहिले, एकदा तट्टाकडे पाहिले आणि मुकाट्याने तंग आणखी आवळला. ते दोनदा पाहणे माझ्या नजरेतून सुटले नाही. तरी मी गप्प बसलो. व्याही रिकिबीत पाय देऊन चढू लागले, तो खोगीर एका अंगास कलले आणि तट्टू चार पावले तिरके सरकले. इतक्यात आमचा सहा वर्षांचा नातू ओरडला, "आजोबा, घोडा मोडेल!"

सगळे हसले. मीही हसलो, ते हसणे मला अजून खुपते. व्याह्यांनी पाय खाली घेतला, लगाम पोराच्या हाती दिला आणि लाल मातीच्या त्या रस्त्याने ते एकटेच पुढे चालू लागले. दुसऱ्या दिवशी सकाळी ते पुण्यास गेले. पुढे कित्येक महिने दोन्ही घरांतील बोलणे बायकांच्या मार्फत चाले, आणि त्याचा जाच कोणाला झाला असेल? सासर आणि माहेर यांच्यामध्ये उभ्या असलेल्या माझ्या मुलीला.

दोष नातवाचा नव्हता. मोठ्यांनी जे आधी सांगावयाचे ते त्याने उशिरा सांगितले, इतकेच. घोडेवाला तरी कसे सांगणार? त्याची दिवसाची कमाई गिऱ्हाइकाच्या मर्जीवर. मग उरलो मी. तेव्हा मी माझ्या शिक्षकी सवयीप्रमाणे प्रथम आकडे शोधले.

आपल्या देशात प्राण्यांना क्रूरतेने वागविण्यास प्रतिबंध करणारा कायदा १९६० साली झाला. त्याखाली १९६५ साली ओझ्याच्या जनावरांविषयी नियम झाले. त्यांत तट्टाच्या पाठीवर अधिकात अधिक ७० किलो, गाढवाच्या पाठीवर ५०, खेचराच्या पाठीवर २०० असे प्रमाण घातले आहे. अमेरिकेत ओहायो राज्य विद्यापीठाच्या संशोधकांनी आठ घोड्यांवर निरनिराळे भार घालून पाहिले व २००८ साली निष्कर्ष प्रसिद्ध केले. घोड्याच्या स्वतःच्या वजनाच्या पाचव्या हिश्श्यापर्यंतचा भार तो बरा सोसतो. चौथ्या हिश्श्यास पोचताच पाठीचे स्नायू दुखावल्याची चिन्हे दिसू लागतात. या भारात खोगीरही आले. समजा, तट्टू ३०० किलोचे असेल, तर स्वार आणि खोगीर मिळून ६० किलो. कसलेला स्वार चालीबरोबर आपला तोल सांभाळतो; आम्ही सहलीचे स्वार मात्र चढावर लगाम ओढतो आणि उतारावर मागे रेलतो.

हा हिशेब मांडल्यावर मी स्वतःचे वजन केले. ते भरले ७४. म्हणजे इतकी वर्षे माथेरानच्या तट्टांवर ज्याने बसू नये असा एक इसम मीच होतो!

मग मला महालक्ष्मीची शर्यत आठवली. तेथे प्रत्येक जॉकी शर्यतीपूर्वी काट्यावर बसतो, धावून आल्यावर पुन्हा बसतो. वजन कमी भरले तर आधीच शिशाचे तुकडे खोगिराबरोबर घालतात. तेथे कोणाला लाज वाटत नाही, कारण काटा सर्वांस सारखा असतो आणि घोडा दारात येण्यापूर्वीच आकडा ठरलेला असतो. आमच्या सहलीत आकडा ठरला तो माणसाने रिकिबीत पाय ठेवल्यावर. त्या क्षणी सांगितलेली कोणतीही मर्यादा त्याला स्वतःच्या देहावरील शेराच वाटणार. "खोगीर लहान आहे", "घोडा आज थकला आहे" अशा सबबीही मला पसंत नाहीत. दहा मिनिटांनी त्याच घोड्यावर दुसरा कोणी बसला की सबब उघडी पडते आणि अपमान दुणावतो.

पुढच्या हिवाळ्यात मी व्याह्यांना पत्र घातले. आरंभी माझे ७४ किलो लिहिले, मग नियमाचे ७०. "यंदा तट्टू मुलांसाठीच ठेवू. मला पायी जावे लागणार, आपण सोबतीस असाल तर वाट सरेल," असे लिहिले. घोडेवाल्यास पैसे मात्र पूर्ण फेऱ्यांचेच द्यावयाचे, हेही कळविले. कारण त्याची मजुरी बुडाली तर पुढच्या गिऱ्हाइकापुढे तो पुन्हा गप्पच बसणार.

व्याही आले. त्या काळी फलाटांवर रंगीत दिव्यांची वजनाची यंत्रे असत. नाणे टाकले की छापील तिकीट पडे. ठाण्याच्या फलाटावर नातवंडांनी हट्ट धरला आणि आम्ही सर्वांनी तिकिटे काढली, पहिले मी. व्याह्यांनी आपले तिकीट वाचले, मिशीतल्या मिशीत हसले आणि खिशात ठेवले. मी विचारले नाही.

दस्तुरीस तोच पोरगा भेटला. व्याही आपण होऊन त्याला म्हणाले, "आम्ही दोघे म्हातारे चालणार. पैसे मात्र आमचेही धर." पोरगा हसला आणि तंग एक घर सैल केला. वाटेत व्याह्यांनी नातवाला तट्टाचे नाव विचारावयास पाठविले. त्याचे नाव बादल होते.